ठिणगीचा कारभार

मोटार पेट्रोलवर चालते हे तुम्हांस ठाऊक आहेच. परंतु सिलिंडरात दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणात नेमक्या क्षणी ठिणगी पडली नाही, तर टाकी काठोकाठ भरलेली असूनही मोटार जागची हलत नाही. आमच्या मामांच्या जुन्या मॉरिस मायनरने हा पाठ आम्हांला फोंड्याच्या रस्त्यावर अनेकदा दिला. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. तरी त्या निमित्ताने जे शिकावे लागले, ते येथे मांडीत आहे.

बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. ठिणगीला हवेची फट ओलांडण्यास मात्र हजारो व्होल्ट लागतात. ही किमया कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. एक थोड्या फेऱ्यांचे, दुसरे पुष्कळ फेऱ्यांचे. पहिल्यातून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्यात प्रचंड दाब उत्पन्न होतो. म्हणजे ठिणगी पडते ती प्रवाह तोडल्याने, जोडल्याने नव्हे.

हे तोडण्याचे काम डिस्ट्रिब्यूटरमधील 'पॉइंट' नावाची इवलीशी जोडी करते. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांची ही योजना १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत आली आणि पुढे साठांहून अधिक वर्षे जगभर चालली. तिचे कष्ट पाहा. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असता पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात व मिटतात! त्यांतील फट सुमारे १५ सहस्रांश इंच. घर्षणाने ती कमी झाली की ठिणगी उशिरा पडते, आणि चढावर गाडीचा दम तुटतो. मामा दर काही महिन्यांनी बॉनेट उघडून पत्तीने फट मोजीत बसत.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत पॉइंट व कंडेन्सर काढून टाकतात. रोटरखालच्या दांड्यावर चार चुंबकांचे कडे बसवितात व शेजारी एक लहान डबी. चुंबक जवळून गेला की डबीतील संवेदक तो ओळखतो. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामाचा हा उपयोग. मग ट्रान्झिस्टर कॉइलचा प्रवाह तोडतो. घासणारे काही नाही, म्हणून फट बदलण्याचा प्रश्नही नाही. कॉइल, रोटर, झाकण व प्लग पूर्वीचेच राहतात. त्यामुळे आपल्याकडील पावसात झाकणाला ओल धरली, तर ही नवी डबीदेखील काही करू शकत नाही. ते कोरडे पुसावेच लागते.

आता आमच्या फजितीची हकिकत. बॅटरीचे एक टोक मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले असते, त्यास 'अर्थ' म्हणतात. आजच्या गाड्यांत ते ऋण टोक असते. त्या काळच्या मॉरिस मायनरमध्ये धन! पॉइंटांना प्रवाहाच्या दिशेचे सोयरसुतक नसते, ट्रान्झिस्टरला असते. आम्ही आणलेली डबी ऋण अर्थाची होती. सूचनापत्रक मी वाचले होते, बॅटरी मात्र पाहिली नव्हती. तांबडी तार चावीकडून येणाऱ्या टोकाला जोडली, मामांनी चावी फिरविली, आणि करपल्याचा वास आला. मामा रागावले नाहीत. "मास्तर, वाचलेंस, पूण पळेलेंना," एवढेच म्हणाले. ते बोलणे रागावण्याहून अधिक लागले.

दुसरी डबी धन अर्थाची मागविली. ती बसविण्यापूर्वी बॅटरीची टोके दोघांनी दोनदा तपासली. मग गॅरेजच्या मेस्त्रींनी लुकलुकत्या दिव्याने ठिणगीची वेळ लावून दिली. डबी बदलली की हे नव्याने करावेच लागते. एंजिन बंद असता चावी चालू ठेवू नये, कॉइल तापते, असेही त्यांनी बजावले.

गाडी आता पहिल्या फेऱ्यातच सुरू होते. तरीही मामांनी जुने पॉइंट व कंडेन्सर तेलकट फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवले आहेत. डबी वाटेत बिघडली तर ती रस्त्यात दुरुस्त होत नाही; पॉइंट मात्र पत्ती व पेचकस यांवर पुन्हा बसविता येतात.