आपल्या पत्रिकेचे रूप आणि आपले गाव

आपल्या न्यासाची पत्रिका घरोघरी फुकट जाते. फुकट येते म्हणून तिच्याकडे बारकाईने कोणी पाहत नाही, आणि कोणी पाहत नाही म्हणून ती काढणाऱ्यांची नजरही हळूहळू सैल होते, असा आमचा स्वतःचाच अनुभव आहे. महोत्सवाच्या ह्या वर्षी तिचे रूप बदलावे, ती रंगीत करावी, निम्मी हिंदी करावी, नाहीतर कागदावर काढणेच सोडून मोबाइलवर पाठवावी, अशा सूचना कार्यकारिणीपुढे आल्या आहेत. सूचना करणारे सारे आपलेच आहेत व त्यांत तरुण अधिक आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. पण हात वर करण्यापूर्वी अशा पत्रिकांचे रूप कसे ठरते, कोणती प्रथा कशासाठी पडली आणि तिच्यात आपल्या इंदूरचे म्हणून काय असते, ह्याचा थोडा अभ्यास सभासदांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

विकत घ्यावयाचे मासिक आणि फुकट येणारी पत्रिका ह्यांत मुळातच भेद आहे. मासिकाला दुकानात इतर वीस मासिकांच्या शेजारी टांगून राहायचे असते. गिऱ्हाइकाची नजर ओढण्यासाठी त्याला दरवेळी नवे मुखपृष्ठ हवे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा घातली. पुढे गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांनी मुखपृष्ठ ही स्वतंत्र कलाच करून सोडली. फुकट पत्रिकेला ही चढाओढ नाही. तिला कोणी निवडत नाही, ती येते. तिचे काम एवढेच की टपालाच्या गठ्ठ्यात, विजेच्या बिलाच्या व लग्नपत्रिकांच्या मधोमध, ती "आपली" म्हणून लांबून ओळखू यावी. म्हणून अशा पत्रिकांचे मुखपृष्ठ वर्षानुवर्षे तेच राहते, फार तर शाईचा रंग बदलतो. ह्याला कोणी आळस म्हणेल. आम्हांस त्यात घराच्या दरवाजाचा गुण दिसतो. दरवाजा काही कोणी दरमहा बदलत नाही.

बाकीच्या पुष्कळ प्रथा निव्वळ व्यवहारातून आलेल्या आहेत, त्यांत गूढ काही नाही. टाचणीच्या पत्रिकेची पाने चाराच्या पटीत असावी लागतात, म्हणून शेवटी उरलेल्या अर्ध्या पानावर पाककृती येते. मलपृष्ठाचा काही भाग पत्त्याच्या चिठ्ठीसाठी मोकळा ठेवावा लागतो, म्हणून तेथली जाहिरात पूर्ण पानाची नसते. मुद्रकाचे नाव व ठिकाण छापण्याची रीत १८६७ च्या कायद्यापासून चालत आली; त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे. 'केवळ खासगी वितरणासाठी' ही ओळ व 'मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही दुसरी ओळ मात्र नुसत्या सवयीने येतात. आमच्या एका अंकात ही दुसरी ओळ नेमकी साटोऱ्यांच्या कृतीखाली आली होती!

शीर्षपट्टीची गोष्ट निराळी आहे. मराठी पत्रांनी आपली ओळख प्रथमपासून शीर्षापाशी ठेवली. टिळक-आगरकरांच्या काळचा 'केसरी' (१८८१) आपल्या नावाखाली जगन्नाथ पंडितांचा संस्कृत श्लोक छापी, डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायका'ने (१९२०) तेथे तुकोबांचा अभंग घातला आणि 'बहिष्कृत भारता'ने (१९२७) ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. पत्र कोणाचे, कोणासाठी, कोणत्या परंपरेच्या आधाराने उभे, हे बातमी वाचण्यापूर्वीच वाचकाला कळे. आपल्या पत्रिकेच्या शीर्षापाशी काय आहे? वर 'श्री', खाली न्यासाची मुद्रा, आणि मागे एका गडाचे फिकट चित्र. हा गड कोणता हे आम्ही तिघाचौघांस विचारले. कोणी रायगड म्हणाले, कोणी सिंहगड. चित्र छापखान्याच्या साठ्यातून आले असावे. रायगडाविषयी आम्हांस आदर आहे हे सांगणे नलगे. पण आपण माळव्यातले. आपला राजवाडा सात मजली, आपली अहिल्याबाई महेश्वरास राहिली, आणि तेथल्या साडीच्या काठावरची नक्षी किल्ल्याच्या व घाटाच्या दगडी कामावरून घेतलेली, असे तेथले विणकर सांगतात. तो काठ पानाच्या किनारीला लावला तर एका शाईत, काही जास्त खर्च न येता, पत्रिका कोठली हे कळेल. वडोदरे, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथल्या मंडळांनाही हाच प्रश्न असणार. बाहेरच्या मराठी माणसाला पुण्याचे चित्र लावून मराठी होता येते, असा एक समज आपल्यात आहे. तो सोडावा असे आमचे मत आहे.

आता अक्षरांकडे येऊ. आमच्या मते खरी ओळख येथेच आहे, आणि हानीही येथेच होते. हिंदी व मराठी दोन्ही देवनागरीत लिहितात म्हणून छापखान्याला दोन्ही सारखीच वाटतात. पूर्वी खिळे जुळवण्याच्या काळात हिंदी छापखान्याच्या पेटीत मराठी खिळे पुरे नसत, आणि ळ नाही म्हणून ल लावून वेळ मारून नेत. काळे ह्यांचे काले होत, बाळ ह्यांचे बाल, आणि मुळे ह्यांचे तर थेट 'मुले'. आता खिळे गेले, संगणक आला, त्यात ळ आहे. तरी जुळणी करणारा हिंदीत वाढलेला असला की बोट ल वरच पडते. दुसरे अक्षर त्याहून नाजूक, ते म्हणजे चंद्रकोरीसारखा अर्धा र. तो मराठीचा विशेष आहे; हिंदीला त्याची गरज पडत नाही. दऱ्या डोंगरात असतात आणि दर्या कोकणात, हा भेद त्या एका रेघेवर उभा आहे. आमच्याच एका वार्षिक हिशेबात 'आचाऱ्यांना मानधन' ह्याचे 'आचार्यांना मानधन' झाले, आणि महाप्रसादाच्या स्वयंपाकाचे पैसे कोणत्या विद्वानांस दिले, असा प्रश्न सभेत एका वडीलधाऱ्यांनी गंभीरपणे विचारला. दोष छापखान्याचा जितका, तितकाच मुद्रिते न तपासणाऱ्या आमचा.

ल आणि श ह्यांचे वळण ही तिसरी गोष्ट. मराठी शाळेत मूल जो ल गिरवते तो दोन पाकळ्यांचा, आणि श देठाचा. हिंदी ल ला उभा दंड असतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली पाकळीचा ल व देठाचा श हेच मराठीसाठी प्रमाण मानले. संगणकावरच्या काही टंकांत दोन्ही वळणे असतात, पण मजकूर मराठी आहे असे संगणकाला सांगितल्यावाचून तो आपले वळण देत नाही. हे सांगायला एक क्षण पुरतो, आणि तेवढेच राहून जाते. देवघेव एकाच बाजूने चालली आहे असेही मात्र समजू नये. अ, झ, ण ह्या अक्षरांची जुन्या हिंदी छपाईत वेगळी वळणे होती. ती मागे पडून मुंबई वळणाची अक्षरेच हिंदीने प्रमाण म्हणून घेतली. तेव्हा शेजाऱ्याशी भांडण नाही, आपले अक्षर आपल्या पानावर असावे एवढेच म्हणणे आहे.

अक्षराच्या चुकीने फार तर हसू होते. तिथीच्या चुकीने घरात दुःख होते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपला महिना अमावास्येला संपतो. माळव्यातला व उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचे एकमत असते, पण वद्य पक्ष आला की नावे फुटतात. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची, शेजारच्या हिंदी पंचांगात ती भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस एकच, नाव निराळे. आपला पितृपक्ष भाद्रपद वद्य, त्यांचा आश्विन कृष्ण. आता पत्रिकेच्या काळ्या चौकटीत वडिलांची तिथी 'भाद्रपद वद्य पंचमी' छापली असेल, आणि दूरच्या गावी नोकरीवर असलेल्या मुलाने ती जवळच्या हिंदी दिनदर्शिकेत 'भाद्रपद कृष्ण पंचमी' म्हणून पाहिली, तर त्याचे श्राद्ध एक महिना आधी होते. असे झालेले आम्ही पाहिले आहे. मुलाने सगळे मनापासून केले होते. आईला कळले तेव्हा ती त्याला काही बोलली नाही, आमच्याकडे मात्र पत्रिका घेऊन आली. तेव्हापासून आम्ही दोन्ही नावे छापतो: वैशाख वद्य ५, उत्तरेकडील गणनेने ज्येष्ठ कृष्ण ५. सनाचेही तसेच. आपल्या शकात १३५ मिळवले की येथला विक्रम संवत येतो. शके १९४६ म्हणजे संवत २०८१. पण वडोदऱ्याच्या नातेवाइकांचा संवत कार्तिकात बदलतो, म्हणून चैत्रापासून आश्विनापर्यंत त्यांचा आकडा एकाने मागे असतो. हे कोष्टक पुण्यामुंबईच्या कोणत्याही पत्रिकेत लागत नाही. आपल्या पत्रिकेचे सर्वांत इंदुरी पान कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही तिथींच्या ह्या पानाकडे बोट दाखवू.

राहिला हिंदीचा प्रश्न. नातवंडांना मराठी बोलता येते, वाचताना अडते, हे खरे आहे व ते लपवून उपयोग नाही. दोन भाषांचे पान ही काही नामुष्की नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले तेच एका बाजूस मराठी व एका बाजूस इंग्रजी असे. आगरकरांच्या 'सुधारका'तही (१८८८) इंग्रजी मजकूर असे. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत मराठी-पोर्तुगीज पत्रे निघत. पण 'दर्पणा'त दोन्ही भाषा शेजारी शेजारी होत्या, हे ध्यानात घ्यावे. अर्धी पत्रिका मराठी व अर्धी हिंदी केली तर प्रत्येक घर आपले अर्धे वाचील आणि दुसरे उलटील. त्यापेक्षा मुख्य मजकूर मराठीच ठेवावा, आणि मुलांच्या पानावर तोच मजकूर मोठ्या अक्षरांत, कठीण शब्दाचा हिंदी अर्थ शेजारी देऊन छापावा, असे आम्ही सुचवतो. जाहिराती तर आजही हिंदीच असतात. सराफ्यातल्या व्यापाऱ्याने दिलेला हिंदी मजकूर आम्ही कधी बदलला नाही. त्यांच्याच पैशांवर पत्रिका फुकट जाते.

मोबाइलवर अवश्य पाठवावी, पण कागदाऐवजी नव्हे, कागदासोबत. ज्यांना काळ्या चौकटीचे पान कापून देवघरात ठेवावयाचे असते, ते मोबाइल कापणार नाहीत.

नव्या शीर्षपट्टीचे तीन नमुने व सभासदांच्या नावांच्या यादीची मुद्रिते कार्यालयात ठेवली आहेत. रविवारी सकाळी येऊन प्रत्येकाने आपले नाव स्वतः वाचावे, आणि ळ च्या जागी ल पडला असेल तर लाल पेन टेबलावरच आहे. घरातल्या तिथी ज्यांना पाठ आहेत अशा आजींना बरोबर आणता आले तर फारच उत्तम. त्यांच्यासाठी खुर्च्या तळमजल्यावर मांडल्या आहेत.