ऐकू येतं का, एवढंच विचारू नका

लहानपणी मेंदूज्वरात माझे दोन्ही कान गेले आणि त्याच तापात शरीराचा तोलही गेला. कानांचं घरी लगेच कळलं. तोलाचं मात्र मोठेपणी तपासणी झाल्यावर कळलं. तेव्हापासून जे उमगलं ते माझ्यासारख्या कर्णबधिरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहिते आहे.

१. कानाला दोन कामं असतात. आतल्या कानात ऐकण्यासाठी शंखाच्या आकाराची कॉक्लिया असते. तिला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन इवल्या पिशव्या असतात. डोकं कुठे वळलं ते नलिका सांगतात. वर कुठे नि खाली कुठे ते पिशव्यांतल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक कणांच्या भारावरून कळतं. ही सगळी शेजारी-शेजारीच, त्यांच्यातल्या संवेदनशील पेशीही एकाच जातीच्या. त्यामुळे मेंदूज्वर असो की स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिनसारखी औषधं असोत, इजा दोन्हीकडे होऊ शकते.

२. सगळ्याच बहिऱ्यांचं असं नसतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये ५१९ बहिऱ्या माणसांची माहिती छापली. गोल फिरवल्यावर त्यांतल्या १८६ जणांना अजिबात चक्कर आली नव्हती; त्यांच्या कानातला तोलाचा भाग काम करत नसावा. हार्वर्डमधल्या ऐकू येणाऱ्या सुमारे २०० जणांत असा एकच निघाला. म्हणजे तपासल्याशिवाय कुणाबद्दलही काही ठरवू नये.

३. डोळे मिटले की माझा मोठा आधार जातो. तोल सांभाळायला माणसाकडे तीन गोष्टी असतात: आतला कान, डोळे आणि तळपायांतून, सांध्यांतून मिळणारी जाणीव. माझ्याकडे दोनच उरल्या आहेत. उभ्याने अंघोळ करताना तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की मी एका बाजूला कलंडते. म्हणून मी पाटावर बसून अंघोळ करते आणि तोंड धुताना एक हात भिंतीला ठेवते. न्हाणीघरात दांडी बसवून घेतली आहे. रात्री उठताना आधी दिवा, मग पाय खाली. गावी वीज गेली, तर टॉर्च हातात आल्याशिवाय मी अंगणात उतरत नाही. शेतातल्या ढेकळांवर तर तळपायही दगा देतात, तिथे दिवसाउजेडीसुद्धा काठी बरी.

४. चालता चालता गप्पा मारणं आम्हाला महागात पडतं. खुणांनी बोलायचं तर नजर समोरच्याच्या हातांवर आणि चेहऱ्यावर हवी. तोल सावरायलाही तीच नजर हवी. फुटपाथची एखादी फरशी उखडलेली असली, की पाऊल चुकतंच. मी आता थांबून बोलते. जिन्यात तर अजिबात बोलत नाही. मैत्रिणींना हे ठाऊक आहे. गर्दीत त्या माझा दंड धरतात आणि गप्पा चहाच्या टेबलावर होतात.

५. पाण्याशी खेळ नको. गढूळ पाण्यात बुडी मारली, की डोळ्यांना दिसत नाही नि पायाखाली जमीन नसते. अशा वेळी वर कुठल्या दिशेला जायचं हेच कळेनासं होऊ शकतं. चांगलं पोहता येत असलं तरीही. विहिरीत किंवा नदीत सूर मारू नका. स्वच्छ तलावात, सोबत कुणीतरी असताना पोहा.

६. या उणिवेचा विज्ञानाला उपयोगही झाला आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाने आणि पुढे नासाने बहिऱ्यांसाठीच्या गॅलॉडेट कॉलेजातल्या अकरा बहिऱ्या पुरुषांवर प्रयोग केले. त्यांतल्या दहा जणांचे कान माझ्यासारखेच मेंदूज्वराने गेले होते. गरगर फिरणाऱ्या खोलीत आणि विमानात वजनरहित अवस्थेतही त्यांना मळमळत नसे. नोव्हा स्कोशियाजवळ खवळलेल्या समुद्रात संशोधकच आजारी पडले नि हे सगळे पत्ते खेळत बसले होते. मला या माणसांचा फार अभिमान वाटतो.

७. व्यायामाने फरक पडतो. ताणलेल्या हाताच्या अंगठ्यावर नजर खिळवून डोकं डावी-उजवीकडे फिरवायचं, असे साधे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. चालताना दुकानांच्या पाट्या माझ्या डोळ्यांपुढे हलायच्या, ते पुष्कळ कमी झालं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या आधारांवर विसंबायला मेंदू शिकतो. चक्करच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर हे शिकणं मंदावू शकतं, म्हणून त्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांना नक्की विचारा.

८. बहिरं मूल उशिरा मान धरतं, उशिरा चालतं, सारखं पडतं, तेव्हा त्याला वेंधळं म्हणू नका. ऑडिओग्राम आणि बेरा या चाचण्या ऐकण्याच्या आहेत, तोलाबद्दल त्या काही सांगत नाहीत. तोलाच्या चाचण्या वेगळ्या असतात: डोकं झटकन वळवून नजर पाहतात, कानात कोमट आणि गार पाणी सोडून डोळ्यांची हालचाल तपासतात. कॉक्लियर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेने उरलासुरला तोलही कमी होऊ शकतो, म्हणून आधीच विचारून घ्या. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पुढच्या खेपेला जाल, तेव्हा तोलाचीही तपासणी करून द्या असं स्वतःहून सांगा.