वहीतला माणूस

अंबड

चि. बाळास,


मंठ्याच्या बाजारात कळलं, तू यंदा मुकादम होऊन ऊसतोडीची टोळी धरलीस. तेवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण एका जोडप्याची मागची आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही, म्हणून त्यांचं पोर ठेवून घेईन असं तू बोललास म्हणे. हे खरं का? आधी तेवढं कळव.

दिवाळीत तू वाद घातलास की मळ्यावरची गुलामी जुन्या जगातली, आपला तर बाजाराचा व्यवहार. अर्थशास्त्र शिकलास ना? मग एरिक विल्यम्सचं गुलामीवरचं १९४४चं पुस्तक पुन्हा काढ. कॅरिबियन बेटांवरही ऊसच होता. साखर लंडनच्या बाजारासाठी, माणसं विकत घेतलेली, त्यांना तारण ठेवून कर्ज काढलेलं, वहीत प्रत्येकाची किंमत मांडलेली. १८३३ला ब्रिटिश संसदेनं गुलामी बंद करायचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली. गुलामांना छदाम नाही. मजुरी नव्हती म्हणून ती भांडवलशाही नव्हे, असं काही मार्क्सवादी म्हणतात. मला पटत नाही. पैशानं पैसा वाढवायचा आणि त्यासाठी माणूस बांधायचा, हाच तिथला धंदा होता.

आपला ऊसतोड्या विकला जात नाही, त्याचं लेकरू जन्मतः कुणाच्या मालकीचं नसतं. हा फरक मोठा आहे, मी पुसत नाही. पण उचल फिटेपर्यंत त्याला जाता येत नाही, खाडा झाला की पैसे कापतात. आणि तू तर पोर ठेवून घेणार! १९७६चा वेठबिगारीविरोधी कायदा असलं कर्जच रद्द ठरवतो, बाळा.

तुझे आजोबा अंधारात कोपीतून उठून फडात जायचे. मी दहावी झालेलो, मुकादमाची वही मला वाचता येत होती. हंगाम संपून पट्टा पडला तेव्हा उलट त्यांच्याच अंगावर बाकी निघाली आणि मी तोंड उघडलं नाही. पुढच्या साली त्यांनी पुन्हा कोयता धरला. ते अजून सलतं. आता त्या वहीपाशी तू बसलास, याची धास्ती वाटते रे.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. अक्काचं आजारपण, भावकीचं देणं, सगळं मला ठाऊक आहे. कारखान्याचे पैसे अंगावर येतील म्हणून घाबरला असशील. ज्वारीचे थोडे पैसे आहेत माझ्याकडे, घेऊन जा. त्या जोडप्याची बाकी सोडून दे. ते फडावर जाणारच असतील तर पोराच्या आईला विचार, पट्टा पडेपर्यंत ते आमच्याकडे राहील का. शाळा इथून जवळ आहे. मामी हो म्हणाली आहे, तुझ्यासाठी धपाटेही करणार आहे. रविवारी ये, उशीर झाला तरी ये.

तुझा,
मामा