जंतू दिसला; पण तो जिवंत आहे काय?

क्षयरोगाचे औषध दोन महिने नियमित घेऊनही थुंकीच्या तपासणीत ‘जंतू आढळले’ असा शेरा आला, की रुग्णाच्या घरच्यांचा धीर खचतो. औषध लागू पडत नाही, असे समजून ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत उपचार सोडून देण्याचा मोह होतो. म्हणून दिग्रस परिसरातील रुग्णांचे नातलग, विश्वस्त व देणगीदार यांच्यासाठी या शेऱ्याचा अर्थ येथे थोडक्यात मांडीत आहोत.

रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. या जंतूभोवती मेणचट आवरण असते. ऑरामाइन हा चमकणारा रंग त्या आवरणाला धरून बसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर जंतू पिवळसर-हिरवे चकाकतात. मात्र जंतू मेल्यावरही आवरण काही काळ टिकते. त्यामुळे मेलेला जंतूही तसाच चकाकतो. आम्ही वाणिज्य शाखेचे. खातेवहीत नाव असले म्हणजे खाते चालू असतेच असे नाही, हे आम्ही जाणतो. ‘सीबीनॅट’ तपासणीला मृत जंतूंचे जनुकीय द्रव्यही सापडते. म्हणून रोगनिदानास मोलाची असलेली ही तपासणी उपचारांची प्रगती पाहण्यासाठी वापरीत नाहीत.

जिवंत व मृत यांतील भेद दाखविणारे रंगही आहेत. फ्लुओरेसीन डायॲसिटेट हे द्रव्य मुळात चमकत नाही. जिवंत पेशीतील विकरे त्याचे विघटन करतात, तेव्हा ती पेशी हिरवी उजळते. याउलट प्रोपिडियम आयोडाइड फाटलेल्या पटलातूनच आत शिरते व मृत पेशीला लाल रंग देते. यासाठी ताजा नमुना लागतो. उष्णता देऊन काचपट्टीवर पक्का केलेला नमुना चालत नाही.

क्षयरोगात या रंगांचा उपयोग मुख्यत्वे संशोधनापुरता आहे. खात्रीसाठी जंतू वाढवून पाहण्याची संवर्धन तपासणी करावी लागते; तिला कित्येक आठवडे लागतात. शिवाय, शेरा कायम राहण्यामागे औषधाला न जुमानणारे जिवंत जंतूही असू शकतात. त्यासाठी वेगळी तपासणी असते.

म्हणून नातलगांना आमची नम्र विनंती आहे की, ‘जंतू आढळले’ म्हणून निराश होऊ नये आणि ‘आढळले नाहीत’ म्हणून निर्धास्तही होऊ नये. अहवाल डॉक्टरांना दाखवावा आणि त्यांच्या सल्ल्यावाचून औषधाचा एकही दिवस चुकवू नये.