सिंड्रेला आज्ञा कां पाळीत होती?

सिंड्रेलेची गोष्ट आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं बाळपणींच ऐकिलेली असेल. सावत्र आई, दोन गर्विष्ठ बहिणी, चुलीजवळची राख, परीनें भोपळ्याचा केलेला रथ आणि कांचेचा जोडा, इतकें सांगितलें म्हणजे गोष्ट डोळ्यांपुढें उभी राहते. तथापि घरची मोलकरीण होण्याची आज्ञा या मुलीनें निमूटपणें कां पाळिली, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत आला असेल. या एका प्रश्नांतून एक सबंध कादंबरी कशी निर्माण झाली, तें येथें पाहावयाचें आहे.

शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानें ही कथा १६९७ सालीं प्रसिद्ध केली. त्याची नायिका शेवटीं बहिणींस क्षमा करिते, इतकेंच नव्हे तर त्यांचीं लग्नें दरबारच्या सरदारांशीं लावून देते. जर्मनींत ग्रिम बंधूंनीं १८१२ सालीं छापिलेल्या कथेंत ती परी नाहीं. आईच्या थडग्यावर वाढलेल्या झाडापासून मुलीस वस्त्रें मिळतात. जोडा पायांत बसावा म्हणून बहिणी आपलेच पाय कापून घेतात, आणि १८१९ च्या आवृत्तींत तर कबुतरें त्यांचे डोळे फोडितात. क्षमा आणि शिक्षा यांतील हें अंतर लहान नव्हे. परंतु मुलगी चांगली आहे, म्हणून सांगितलेलें करिते, यापलीकडे तिच्या मनांत दोघांपैकीं कोणीच डोकावलें नाहीं.

अमेरिकन लेखिका गेल कार्सन लेव्हिन यांस हा चांगुलपणा उमजेना. लेखनाच्या वर्गासाठीं त्यांनीं ही कथा घेतली, तेव्हां इतकी निमूट मुलगी आपणांस रंगवितां येत नाहीं असें त्यांस आढळलें. मग त्यांनीं तोड काढिली: मुलगी आज्ञा पाळते, कारण न पाळणें तिच्या हातींच नाहीं. १९९७ सालीं निघालेल्या ‘एला एन्चांटेड’ या कादंबरीचा हाच पाया. पुढल्या वर्षीं तिला न्यूबेरी सन्मान मिळाला.

तान्ही एला रडतां राहीना, तेव्हां ल्युसिंडा नांवाची परी तिला आज्ञाधारकपणाचें वरदान देते. देणारीचा हेतु चांगलाच. पण वरदानाचें खरें रूप एलाच्या पांचव्या वाढदिवशीं दिसतें. स्वयंपाकीण मँडी केकचा तुकडा पुढें करून सहज “खा” म्हणते. एला खाते, आणखी खाते. पोट भरलें, घास गिळवेना, डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें, तरी हात थांबत नाहीं. आईच्या ध्यानांत येऊन ती थांबण्याची आज्ञा करिते, तेव्हां कोठें सुटका होते. या पुस्तकांत माणसें खाणारे राक्षसहि आहेत, परंतु आम्हांस त्या सर्वांहून हा केकच अधिक भीतिदायक वाटला. पुढें आई वारते. होणारी सावत्र बहीण हॅटी हिला कारण न कळतांहि एलाचें वर्म सांपडतें. ती प्रथम एलाच्या आईचा हार उतरून घेते, आणि मग जिवलग मैत्रिणीशीं नातें तोडावयास सांगते.

अशीं पुस्तकें वाचून मुलें आईबापांची आज्ञा मोडावयास शिकतील, असें कोणी पालक म्हणतील. ही शंका टाकाऊ नाहीं. आमच्या शाळेंत आज्ञापालनाला मोठें स्थान आहे व तें असावेंच. पण एला जें करिते त्यास आज्ञापालन म्हणावें काय? जिला ‘नाहीं’ म्हणतांच येत नाहीं, तिच्या ‘होय’ला मोल तें कोणतें? एदेन बागेंतील त्या वृक्षाभोंवतीं देवानें कुंपण घातल्याचें पवित्र शास्त्रांत नाहीं. फळ तोडतां येत होतें, म्हणूनच न तोडण्याला अर्थ होता. वर्गांत हाताची घडी घालून बसलेला प्रत्येक मुलगा आज्ञाधारक असतोच असें नाहीं, हें कोणताहि शिक्षक सांगेल.

वडील मंडळींनीं लक्षपूर्वक वाचावा असा प्रसंग मात्र निराळाच आहे. मँडी ही वस्तुतः परीच. ती ल्युसिंडेस आव्हान देते कीं, तुझें वरदान इतकें उत्तम, तर तीन महिने तूंच आज्ञाधारक मूल होऊन पाहा. ल्युसिंडा तसें करिते, आणि हादरून जाते. तिला पश्चात्ताप होतो खरा. परंतु मोठी जादू पुन्हा करावयाची नाहीं असा तिनें नेम केलेला असतो, आणि दिलेला वर उतरविणें ही मोठीच जादू! तेव्हां एलाचें ओझें एलाच्याच माथीं राहतें.

शेवटीं राजपुत्र तिला लग्न करण्यास सांगतो. तिलाहि तेंच हवें असतें. पण ती राणी झाली, तर कोणीहि शत्रु तिच्याच हातून राजाचा घात करवील, हें ती जाणते. ओठांपर्यंत आलेला होकार ती मोठ्या कष्टानें गिळते आणि नकार देते. त्याच क्षणीं शाप तुटतो. स्वतःच्या सुखासाठीं जें तिला कधीं साधलें नव्हतें, तें दुसऱ्याच्या प्राणासाठीं साधतें. २००४ सालीं या कथेवर निघालेला चित्रपट पुष्कळ वेगळा आहे. तो पाहून पुस्तक वाचलें असें आमच्या विद्यार्थ्यांनीं समजूं नये.

पुढें ती त्याच राजपुत्राशीं आपखुशीनें लग्न करिते, पण राजकन्या ही पदवी घेत नाहीं. परक्या भाषा बोलण्याची तिला लहानपणापासून हौस, आणि मँडीच्या स्वयंपाकघराचा लळा. म्हणून दरबारची भाषातज्ज्ञ व स्वयंपाकिणीची मदतनीस, अशा दोन पदव्या ती पत्करते.