फोन तिच्याच हातात राहू दे

बाय, महाडजवळच्या सव आणि आसपासच्या वाड्यांतल्या बायकांना मोबाइल शिकवायचं काम आता तुझ्याकडे आलं आहे. तुझं एमएस-सीआयटी झालेलं आहे, बोटं झरझर चालतात, शिकवायची हौसही आहे. तरी बचत गटात आयुष्य घालवलेल्या बाईच्या चार गोष्टी कानात घालून ठेव. कामाला लागलीस की पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडतील.

तिचा फोन आपल्या हातात घेऊ नको. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नको. शिकवायला बसलीस की कोणी काकी फोन पुढे करून म्हणेल, "तूच कर गो, मला नाय जमत." तू तो घेशील, दोन सेकंदांत काम करून परत देशील आणि ती आशीर्वाद देत घरी जाईल. तिने फक्त तुझी बोटं हलताना पाहिली, शिकली काहीच नाही. म्हणून आपले हात मांडीवर ठेव आणि तोंडाने सांग. तिला दहा मिनिटं लागली तर लागू देत. चुकीच्या ठिकाणी गेली तर मागे कसं यायचं ते सांग. फोन बिघडत नाही, मागे येता येतं, हे एकदा कळलं की अर्धी भीती जाते.

इतका हट्ट का, तेही सांगते. या बायकांची सगळी कामं आजवर दुसऱ्याच्या हातून झाली. फॉर्म दुसऱ्याने भरला, ओटीपी दुसऱ्याला सांगितला, खात्यात किती आहेत ते मुलाने सांगितलं. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा कितीतरी फॉर्मांवर भरून देणाऱ्याचाच नंबर पडला. महिन्याचे १५०० रुपये आधार ज्या खात्याला जोडलेलं त्याच खात्यात जातात, आणि ते खातं कुठल्या बँकेतलं हेच काहींना ठाऊक नव्हतं. २०२५ मध्ये ई-केवायसी आली तेव्हा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जायला लागला, आणि तो नंबर जुना, बंद पडलेला नाहीतर दिराचा निघाला. म्हणून प्रत्येकीला पहिल्याच दिवशी तीन प्रश्न विचार. तुझ्या आधारला कुणाचा नंबर आहे? बँकेच्या पासबुकाला कुणाचा? आणि तो नंबर आज तुझ्या हातातल्या फोनमध्ये आहे का? तिन्हींचं उत्तर 'माझाच' आलं नाही, तर आधी आधार केंद्र आणि बँकेची वाट धर. तोवर बाकी शिकवणं थांबलं तरी चालेल.

कॉम्प्युटर डोक्यातून काढून टाक. तू शिकलीस फाइल, फोल्डर, माउस, क्लिक या क्रमाने. या बायकांनी कॉम्प्युटर बघितला तो तहसील कचेरीत, काउंटरच्या अलीकडून. त्यांच्या पुढ्यात हे शब्द टाकलेस तर त्यांना वाटेल की आधी ते सगळं शिकायला हवं. त्याची काही गरज नाही. ज्या कामासाठी ती आली त्या कामापासूनच सुरू कर. पापड-कोकमाची ऑर्डर घ्यायची असेल तर तिथून, मुंबईतल्या लेकीचं तोंड बघायचं असेल तर तिथून. बाईने बाईला तिच्या दारात शिकवलं की ते टिकतं. २०१५ साली गुगल आणि टाटा ट्रस्टने 'इंटरनेट साथी' सुरू केलं ते याच भरवशावर. गावातलीच बाई फोन घेऊन दारोदार फिरायची आणि बाकीच्यांना शिकवायची.

बोटांकडे बघ. लावणी-कापणी करून, भांडी घासून ज्यांची बोटं कडक झाली, भेगाळली, त्यांचा अंगठा रेशनच्या मशीनवरसुद्धा लागत नाही. फोनलाही कधी त्यांचं बोट कळत नाही. तू "दाब" म्हणालीस तर ती विजेचं बटण दाबल्यासारखी जोरात दाबते आणि दाबून धरते. मग चित्र उचललं जातं, सरकतं, नाहीसं होतं. ती घाबरते, "मी घालवलं" म्हणते. तेव्हा तिच्या हाताच्या पाठीवर आपलं बोट टेकवून दाखव. भाताचं शीत शिजलं का ते चेपून बघतो, त्याहूनही हलकं. टेकवायचं आणि लगेच उचलायचं. हात ओला किंवा तेलकट असेल तर आधी पदराला पुसायला सांग. अंगठ्याचं कुलूप उघडत नसेल तर चार आकड्यांचं ठेव. ते जन्मसालाचं नको आणि पैशाच्या पिनसारखंही नको.

वाचता येत नाही म्हणून कुणाला मागे ठेवू नको. अक्षर येत नसलं तरी आकडे येतात. नोटा ओळखता येतात, एसटीच्या भाड्याचा हिशेब जमतो. तिथून धर. माणसांच्या नंबराला त्यांचे फोटो लाव, म्हणजे चेहरा बघून फोन लागतो. मग व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवायला शिकव. त्यानंतर कीबोर्डवरचा माइक दाखव. मराठीत बोललं की अक्षरं आपोआप उमटतात, हे बघून साठीतल्या आजीचा चेहरा फुलतो. आपली महाडी बोली फोनला सगळीच कळत नाही, तेव्हा हळू आणि सुटं बोलायला सांग. फोनची भाषा मराठी करून दे, पण 'अनुमती द्या' असं आलं की तिथे थांबायचं आणि विचारायचं, हेही त्याच दिवशी शिकव. 'शुभ सकाळ'च्या फोटोंनी फोन भरून बंद पडायला लागतो, म्हणून फोटो आपोआप उतरण्याची सोय बंद करून घे. तेही तिच्याच हातून.

पैशाची शिकवणी सावकाश दे. यूपीआय २०१६ साली आलं आणि आता भाजीवालीकडेही त्याची पाटी आहे. एटीएम कार्ड नसलं तरी बऱ्याच बँकांत आधारच्या ओटीपीवर पिन ठेवता येतो. पण नंबराचा पेच इथेही आडवा येतो, म्हणून आधीची तयारी सोडू नको. पहिला व्यवहार एक रुपयाचा, शेजारी बसलेल्या बाईला. मग त्या बाईने तो एक रुपया परत पाठवायचा. पाठवण्याआधी वर आलेलं नाव मोठ्याने वाचायचं, वाचता येत नसेल तर समोरच्याला विचारून खात्री करायची. मग शून्यं मोजायची. पाचशे आणि पाच हजारांत एका शून्याचा फरक आहे, आणि पाठवलेले पैसे मागे वळवणं सोपं नसतं.

मग हे तिच्याकडून पाठ करून घे: पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा खात्यातली बाकी बघायला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका" असं जो म्हणेल तो चोर. "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणाराही चोरच. दोन-चार बायका जमल्या की एकीला चोर कर, दुसरीला फसू नको म्हण आणि खेळ लाव. तोंडी सांगितलेलं विसरायला होतं, खेळून केलेलं लक्षात राहतं.

जिच्याकडे बटणाचा साधा फोन आहे तिलाही परत पाठवू नको. २०२२ पासून साध्या फोनवरूनही यूपीआय चालतं, त्याला १२३पे म्हणतात. आज ती बटणाच्या फोनवर पैशाचा व्यवहार शिकली, तर उद्या मोठ्या फोनला घाबरणार नाही.

चोरांच्या वाटा आधीच दाखव. लग्नाची पत्रिका, गाडीचं चलन, योजनेची यादी अशा नावांनी व्हॉट्सअॅपवर फायली येतात. उघडल्या की फोनमध्ये चोर शिरतो आणि ओटीपीसुद्धा वाचतो. नियम सोपा ठेव: फोटो, व्हिडिओ किंवा आवाज नसेल तर उघडायचं नाही, आणि फोनने 'इन्स्टॉल करू का' विचारलं तर मागे फिरायचं. पोलिसाच्या वेशात कुणी व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक झाली" म्हणाला तर फोन ठेवायचा. असली अटक कायद्यात नाही. तरीही पैसे गेले तर रडत बसायचं नाही, घरच्यांपासून लपवायचंही नाही. त्याच घटकेला १९३० ला फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. लवकर कळलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, रात्र गेली की ते दहा ठिकाणी पांगलेले असतात. नवऱ्याच्या भीतीने गप्प बसणाऱ्या बाईचे पैसे हमखास जातात. म्हणून फसलेल्या बाईला वर्गात कुणी हसणार नाही याची काळजी तू घे.

आणखी एक. स्टार हॅश शून्य सहा हॅश लावलं की फोनचा स्वतःचा क्रमांक दिसतो. तो कागदावर उतरवून पासबुकात ठेवायला सांग. फोन हरवला तर सरकारच्या 'संचार साथी'वर तो क्रमांक देऊन फोन बंद पाडता येतो.

घराशी वैर लावू नको. सून फोन घेऊन बसली की सासूला संशय येतो, नवरा विचारतो कुणाशी बोलतेस. त्यावर भांडून काही मिळत नाही. पहिल्या दिवशी घराला उपयोग होईल असं काही शिकव, गॅसचा नंबर लावणं किंवा शेताची ई-पीक पाहणी. सासूलाही वर्गाला बोलाव आणि सुनेच्या शेजारी बसव. फोन घरात एकच असेल तर तो तिच्या हाती कधी येतो ते विचार आणि वर्ग त्या वेळेला लाव. लावणीच्या दिवसांत वर्ग ठेवू नको, कुणी येणार नाही आणि येईल ती दमलेली येईल. दुपारची भांडी झाल्यावर, पाणी भरायच्या आधी, तासभर. एका बैठकीत एकच गोष्ट, आणि पुढच्या वेळी नवं सांगण्याआधी तीच गोष्ट तिने करून दाखवायची. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत रेंज जाते-येते, तिथे आधी कुठल्या अंगणात रेंज मिळते ते बायकांनाच विचार. त्यांना बरोबर ठाऊक असतं.

पावसाआधीचा एक वर्ग न चुकता घे. २००५ च्या जुलैत दासगाव आणि जुईवर दरडी कोसळल्या. २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं आणि २२ तारखेला तळियेत डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसं गेली. तेव्हा वीज गेली, रेंज गेली, हातात फोन असून माणसं एकमेकांना शोधत होती. म्हणून मे महिन्यातच सांग: जोराचा पाऊस सुरू झाला की आधी फोन पूर्ण चार्ज करायचा, रात्री व्हिडिओ बघायचे नाहीत, आणि दहा नंबर कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून पासबुक-आधारसोबत ठेवायचे. अडचणीत ११२ लावायचा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप फोनमध्ये घ्यायला लाव. आसपास वीज पडायचा धोका असला की ते सांगतं, आणि भातकापणीच्या दिवसांत बायका संध्याकाळपर्यंत उघड्यावर असतात.

आता शेवटचं, तुझ्या स्वतःसाठी. कधी तुला वाटेल, एवढा खटाटोप कशाला, फॉर्म मीच भरून दिले तर दिवसात पन्नास होतील. तेव्हा आपल्या महाडातलंच आठव. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही नंतर चवदार तळं खुलं केल्याचं ठरवलं. कागदावर हक्क होता, तरी दलितांना पाणी मिळत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले आणि मागोमाग हजारो माणसं प्यायली. हक्क आपल्या हाताने घ्यावा लागतो, हे या गावाने सगळ्या देशाला दाखवलं. योजना, खातं, दाखला हे सगळं आज बाईच्या नावावर आहे. ते तिच्या हातात यायला तिचं बोट तिच्या फोनवर चालायला हवं. पन्नास फॉर्म भरून दिलेस तर पुढच्या वर्षी त्याच पन्नास जणी पुन्हा तुझ्या दारात उभ्या राहतील.

म्हणून हजेरीच्या वहीत किती आल्या ते लिहू नको, कुणी कुणाला न विचारता काय केलं ते लिही. महिन्याचे पैसे जमा झाले आणि ते तिने मुलाच्या आधी स्वतः बघितले, की तिच्या नावापुढे खूण कर. आणि पुढच्या वाडीत वर्ग लावशील तेव्हा तिलाच पुढे बसव. शिकवताना तिनेही कुणाचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही, एवढं तिला बजावून सांग.