कोंबड्यांचे औषध आणि आपले पोट



आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. ते सगळेच वाईट नसतात. पुष्कळसे पचनाला मदत करतात. पण जनावरांजवळ राहणाऱ्यांच्या पोटात कोंबड्यांचे, गुरांचे जंतूही मुक्कामाला येतात. बाईंनी विज्ञानाच्या तासाला याचा एक खरा प्रयोग सांगितला. तो मी लिहीत आहे.

अमेरिकेत बोस्टन शहराजवळच्या एका शेतावर डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी सुमारे ३०० कोंबड्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना साधे खाद्य दिले. निम्म्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन जातीचे औषध मिसळले. कोंबड्या लवकर वजनदार व्हाव्यात म्हणून तिकडे तेव्हा असे औषध घालत. आठवड्याभरातच औषध खाणाऱ्या कोंबड्यांच्या आतड्यात त्या औषधाला दाद न देणारे जंतू माजले. हळूहळू ते साधे खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांतही गेले. आणि पाच-सहा महिन्यांत शेतावरच्या माणसांतही! माणसांनी तर ते औषध खाल्लेच नव्हते. दर आठवड्याला सगळ्यांची शौच तपासत. शेतावरच्या १०० नमुन्यांपैकी सुमारे ३१ नमुन्यांत बहुतेक जंतू औषधाला न जुमानणारे निघाले. शेजाऱ्यांच्या १०० पैकी फक्त ७ नमुने तसे होते. ही माहिती १९७६ साली छापून आली.

असे का होते? कपाशीवर तेच तेच औषध फवारले की कीड दाद देत नाही, तसेच हे. कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. मग हाताला लागून ते आपल्या तोंडात जातात.

असे जंतू पोटात आले म्हणून माणूस लगेच आजारी पडत नाही. पण पुढे तेच जंतू लघवीच्या मार्गात किंवा रक्तात शिरले तर नेहमीचे औषध लागू पडत नाही. खरी भीती हीच.

चांगली गोष्ट अशी, की औषधाचे खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी बहुतेकांच्या पोटातले ते जंतू दिसेनासे झाले. आपल्या सरकारनेही २०१९ साली कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना व इतर खाण्याच्या जनावरांना द्यायला बंदी केली.

आमच्याही परसात कोंबड्या आहेत, गोठा आहे. म्हणून मी हे नियम लिहून दाराशी लावलेत :

१. खुराडे, गोठा झाडल्यावर साबणाने हात धुवावेत. मगच भाकरीला हात लावावा.
२. दूध उकळून प्यावे. अंडी, मटण नीट शिजवावे.
३. जनावरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाद्यात औषध घालू नये.
४. डॉक्टरांनी आपल्याला दिलेल्या गोळ्या मध्येच सोडू नयेत.

पालकहो, तिसरा नियम तुमच्यासाठी आहे बरं का!

— इयत्ता सातवी